युरोपातील मुक्त प्रवेश धोरण : एक ऐतिहासिक आढावा

करदात्यांच्या पैशातून झालेले संशोधन वाचण्यासाठी ग्रंथालयांनी पुन्हा वर्गणी का भरावी, हा प्रश्न मुक्त प्रवेश चळवळीच्या मुळाशी आहे. २००२ चे बुडापेस्ट येथील आवाहन व २००३ चा बर्लिन जाहीरनामा यांनी तिला वैचारिक अधिष्ठान दिले; परंतु त्यांत सक्ती नव्हती. युरोपीय आयोगाने ऑगस्ट २००८ मध्ये सातव्या संशोधन कार्यक्रमाच्या सुमारे २० टक्के निधीपुरता पथदर्शी प्रयोग सुरू केला. २०१४ पासून 'होरायझन २०२०' अंतर्गत ही अट सर्व शोधनिबंधांना लागू झाली. तथापि कमाल ६ महिन्यांचा, तर सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्यांसाठी १२ महिन्यांचा विलंब मान्य करण्यात आला. २०१८ मध्ये घोषित झालेल्या 'प्लॅन एस'ने हा विलंब नाकारला आणि २०२१ पासून 'होरायझन युरोप'मध्ये तात्काळ उपलब्धता अनिवार्य ठरली. मात्र अनेक नियतकालिके वर्गणीऐवजी लेखकाकडून प्रकाशनशुल्क घेऊ लागल्याने निधी नसलेल्या संशोधकांपुढे नवा अडसर उभा राहिला. मे २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने हा भार लेखकांवर नसावा, अशी भूमिका घेतली. सारांश, वाचनाचा अधिकार १३ वर्षांत नियमबद्ध झाला. प्रकाशनाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न अद्याप अनिर्णित आहे.