बेपत्ता माणसांना पेपरातून लिहिलेल्या चिठ्ठ्या

आपल्या पेपरात पुण्यस्मरणाच्या चौकटी येतात. फोटो, तारीख, दोन ओळी, खाली ‘शोकाकुल : समस्त परिवार’. मी त्या न चुकता वाचते. बाकीचा सगळा पेपर कुणाबद्दल तरी बोलत असतो. या चौकटीत मात्र घरचे लोक थेट गेलेल्या माणसाशीच बोलतात. बाबा, तुम्हाला जाऊन आज दहा वर्षं झाली. बाबा पेपर वाचणार नाहीत हे पैसे भरणाऱ्यालाही ठाऊक असतं.

अर्जेंटिनात याच चौकटीचं पुढे राजकारण झालं, आणि ते चांगल्या अर्थाने झालं. ती गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून लिहितेय.

२४ मार्च १९७६ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि १९८३ च्या शेवटापर्यंत ठेवली. विद्यार्थी, कामगार पुढारी, पत्रकार, वकील यांना घरातून, रस्त्यावरून उचललं जायचं. अटकेची नोंद नाही, खटला नाही. गुप्त छावण्यांत छळ, आणि पुढे अनेकांना गुंगीचं औषध देऊन विमानातून समुद्रात फेकलं गेलं. लोकशाही परत आल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ साली ८,९६१ नावं नोंदवली. मानवी हक्क संघटना ३०,००० म्हणतात. या आकड्यावरून तिथे आजही भांडणं चालू आहेत.

या लोकांना शब्द मिळाला ‘देसापारेसिदोस’, म्हणजे बेपत्ता. १९७९ मध्ये हुकूमशहा विदेलाने पत्रकारांसमोर सांगून टाकलं की बेपत्ता माणूस जिवंतही नसतो आणि मेलेलाही नसतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने कायदा केला : १९७४ च्या नोव्हेंबरपासून बेपत्ता असलेल्यांना मृत मानता येईल. घरच्यांनी अर्ज केला तरी चालेल, नाही केला तर सरकार स्वतःच करेल!

आता हे वरवर सोयीचं वाटतं. आपल्या कायद्यातही सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर त्याला मृत मानतात. जुन्या रिवाजात बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. मागे राहिलेल्यांना मोकळं करायला अशी काहीतरी सोय लागतेच. पण आपल्याकडे ती सोय घरच्यांच्या हातात असते. तिथे ज्यांनी माणूस उचलला तेच म्हणत होते, या, दाखला घ्या आणि विषय संपवा. बहुतेक आईबापांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : मेला म्हणता, तर कुणी मारला ते सांगा.

पेपरात बोलण्याची किंमत या बायकांना आधीच कळली होती. एप्रिल १९७७ पासून ब्यूनस आयर्सच्या प्लासा दे मायो या चौकात आया जमायला लागल्या. डिसेंबरमध्ये त्यांनी मुलांच्या नावांची जाहिरात द्यायची ठरवली. एका चर्चपाशी जाहिरातीचे पैसे गोळा करून निघालेल्यांनाच ८ तारखेला उचललं गेलं. त्यांच्यात मिसळलेला एक तरुण नौदलाचा हेर निघाला. १० डिसेंबरला ‘ला नासिओन’मध्ये जाहिरात छापून आली आणि त्याच सकाळी चळवळ सुरू करणाऱ्या आसुसेना विय्याफ्लोर यांना त्यांच्या घराजवळून नेलं. त्या पेपर आणायला बाहेर पडल्या होत्या.

आता १९८८ मध्ये या. लोकशाही आली होती, सेनाधिकाऱ्यांवर खटलेही झाले होते, पण १९८६ आणि ८७ च्या दोन कायद्यांनी पुढचे खटले जवळजवळ बंद केले. त्या वर्षी २५ ऑगस्टला ‘पाखिना दोसे’ या नव्या दैनिकात एक छोटी चौकट आली. ती दिली होती एस्तेला दे कार्लोत्तो यांनी, त्यांची मुलगी लॉरा हिच्यासाठी. लॉरा इतिहासाची विद्यार्थिनी, डाव्या चळवळीतली. १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये तिला उचललं तेव्हा ती गरोदर होती. जून १९७८ मध्ये कैदेत मुलगा झाला, २५ ऑगस्टला तिला मारलं. तिचा मृतदेह घरच्यांना मिळाला, जे फार थोड्यांच्या नशिबी होतं. बाळ मात्र मिळालं नाही.

त्या दिवसापासून त्या पेपरात अशा चौकटी येत राहिल्या, फुकट. फोटो, नाव, उचलल्याची तारीख आणि काही ओळी. मृत्यूची तारीख बहुतेकांना माहीतच नव्हती, म्हणून वर्षश्राद्ध उचललेल्या दिवसाचं. ओळी बहुधा थेट त्या माणसाला लिहिलेल्या : तुझी आठवण येते, तुझी नात शाळेत जाते, आम्ही विसरलो नाही आणि माफही केलेलं नाही. काही चौकटींत शेवटी वाचकाला विनंती असते, याला कुठल्या छावणीत पाहिलं असेल तर कळवा. म्हणजे एकाच चौकटीत शोकही आणि तपासही. फोटो कायम पंचविशीतला. लिहिणारे आधी आईबाप होते, मग भावंडं, मग मुलं. पन्नाशीची लेक पंचविशीच्या आईला ‘तू’ म्हणून लिहिते, तेव्हा कोण कुणाची आई ते कळेनासं होतं.

सगळ्या आया एका मताच्या नव्हत्या हेही सांगायला हवं. १९८६ मध्ये संघटना फुटली. एबे दे बोनाफिनी यांचा गट म्हणायचा, हाडं उकरू नका, स्मारकं नकोत, आमची मुलं जिवंत नेलीत तर जिवंत परत द्या. दुसऱ्यांना निदान पुरायला काहीतरी हवं होतं. पहिल्या गटाचा ताठरपणा मला समजतो, पण माझं मन दुसऱ्या बायकांकडे जातं. आसुसेना यांचे अवशेष समुद्रकिनाऱ्यावरून निनावी कबरीत गेले होते. न्यायवैद्यक तज्ज्ञांनी ते २००५ मध्ये ओळखले आणि त्यांच्या अस्थी त्याच चौकात पुरल्या. ते दोन कायदेही त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले.

चोरलेल्या बाळांच्या बाबतीत तर हे बोलणं आणखी विचित्र होतं. लॉराचा मुलगा जिवंत असणार, पण आपण कोण हे त्यालाच माहीत नसणार. १९९६ मध्ये तो अठराचा झाला तेव्हा आजीने त्याला जाहीर पत्र लिहिलं. लेकीला लिहिलेलं ती कधीच वाचणार नव्हती. नातवाने ते कदाचित चहा पिता पिता वाचून पान उलटलंही असतं.

५ ऑगस्ट २०१४ ला तो सापडला. आज्यांच्या संघटनेने शोधलेला ११४ वा. ओलावारिया गावचा संगीतकार, आपल्या जन्माबद्दल शंका आल्यावर स्वतःच डीएनए तपासणीला गेलेला. लॉराने त्याचं नाव गिदो ठेवलं होतं, हे छावणीतून सुटलेल्यांनी सांगितलं होतं. आजी त्याला वर्षानुवर्षं त्याच नावाने हाका मारत होती. तो मात्र इग्नासिओ हेच नाव वापरतो. छत्तीस वर्षं त्याच नावाने जगलोय, म्हणाला.