'आवाज' कुणाचा?

सातवीच्या निबंधाच्या वह्या तपासत होतो. एका मुलीने 'पत्र्यावर पावसाचा आवाज' असे लिहिले होते. सवयीने मी 'आवाज' खोडून लाल शाईने 'ध्वनी' लिहिले. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. म्हणाली, "सर, आवाज उर्दू आहे म्हणून खोडला का?" तिच्या घरी उर्दू बोलतात, माझ्याही. मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री शब्दकोश काढून बसलो.

आवाज हा अरबी शब्द नाही. अरबीत आवाजाला 'सौत' म्हणतात. उर्दूत ध्वनिशास्त्राला 'सौतियात' म्हणतात ते त्यावरूनच. आवाज फारसी आहे. 'आ' हा उपसर्ग आणि बोलणे या अर्थाचा जुना इराणी धातू 'वच्', यांतून तो झाला. हाच धातू संस्कृतातही आहे. वाचा, वचन, वाक्य आणि आपले रोजचे 'वाचणे' ही त्याचीच लेकरे. म्हणजे आवाज आणि वाचा ही सख्खी नसली, तरी चुलत भावंडे नक्कीच.

मग 'च'चा 'ज़' कसा झाला? फारसीत स्वरानंतरच्या जुन्या 'च'चा पुढे 'ज़' झाला. संस्कृत 'पच्' म्हणजे शिजवणे. फारसीत स्वयंपाकी 'आशपज़'. 'रुच्' म्हणजे प्रकाशणे. फारसीत दिवस 'रोज़', तोच आपला 'रोज'.

धातूचा अर्थ बोलणे, माणसाच्या कंठातले कंपन. मराठीत तो शब्द भांड्याला, ढोलाला, पावसालाही चालतो. शिवाय त्याचे लिंग बदलले. उर्दूत 'आवाज़ आई', मराठीत 'आवाज आला'. इतका बदल पचवलेला शब्द पाहुणा कसा म्हणायचा?

माधव जूलियन यांनी 1925 साली फारसी-मराठी कोश केला. पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे ते मत मला पटत नाही. पण त्यांनी शब्दांची आधी ओळख करून घेतली, मग मत मांडले. मी मात्र न ओळखताच लाल रेघ ओढली होती.

दुसऱ्या दिवशी वही परत मागितली. माझे 'ध्वनी' खोडले आणि तिचा 'आवाज' पुन्हा लिहिला. मग वर्गाला गळ्यावर हात ठेवून आपापले नाव म्हणायला सांगितले. बोटांना जी थरथर जाणवली, ती सगळ्यांची सारखीच होती.