फर्स्ट कॉपीचं गोत्र

गळीत हंगाम उरकत आला की भवानीनगरात लग्नसराई सुरू होते, आणि लग्नसराई सुरू झाली की मामांच्या काचेच्या पेटीत पिवळी घड्याळं वाढायला लागतात. मामा म्हणजे आमचे घड्याळजी. नात्याने माझे कुणी नाहीत, पण आख्ख्या पेठेचे मामा आहेत. एका मोबाइलच्या दुकानाने पुढची चार फूट जागा त्यांना ठेवली आहे. एक टेबल, एक दिवा, चिमटे, आणि डोळ्याला आयग्लास.

एप्रिलमध्ये मी पट्टा बदलायला गेलो होतो, तेवढ्यात एक पोरगा आला. हळद दोन दिवसांवर. हातात सोनेरी चेनचं, हिरव्या डायलचं घड्याळ. बारावर मुकुट, त्याच्या खाली रोलेक्सचं नाव आणि आख्खा वार लिहिलेला.

"मामा, फर्स्ट कॉपी आहे भारीतली. पण चालंना."

मामांनी डायलकडं बघितलंसुद्धा नाही. घड्याळ कानाशी धरलं आणि एकदा झटकलं. आत काहीतरी खर्रर्र करून फिरलं आणि थांबलं.

"डीजी हाय," मामा म्हणाले. "तोंड खोटं हाय, पोट खरं हाय. परवा ये."

त्या खर्रर्र आवाजात एक आख्खी वंशावळ आहे. ऑटोमॅटिक घड्याळाच्या पाठीला अर्धचंद्रासारखं एक वजन फिरत असतं, त्याला रोटर म्हणतात. मनगट हललं की ते फिरतं आणि कमान गुंडाळली जाते. रोलेक्सच्या ऑटोमॅटिक मशीनमध्ये ते कुठूनही फिरो, कमान भरतेच. ह्या पोराच्या मशीनमध्ये ते एकाच बाजूला काम करतं, दुसऱ्या बाजूला नुसतं मोकळं भिरभिरतं. मालकाला वाटतं काहीतरी सुटलंय; घड्याळजीला त्यातून जात कळते. डीजी २८१३ हे त्या चिनी मशीनचं नाव. स्वस्तातल्या नकली ऑटोमॅटिकमध्ये बहुतेक वेळा हेच निघतं.

आता हे मशीन आलं कुठून? चीनमध्ये त्याची बांधणी बेतली ती मियोटा नावाच्या जपानी मशीनवर, त्यांच्या ८२ने सुरू होणाऱ्या मालिकेवर. मियोटा म्हणजे सिटिझनचं घर. आणि सिटिझन म्हटलं की आमच्या पिढीतला कुणीही मनगटाकडे बघतो, कारण सिटिझनच्याच तंत्रावर बंगळूरचा एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला. १९६१ साली तिथली पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. म्हणजे सोयरीक लावायचीच झाली तर आजोबांच्या पेटीतली एचएमटीची चावीची 'जनता' आणि नातवाच्या हातातलं खोटं रोलेक्स लांबचे भाऊबंद निघतात. एचएमटीने रीतसर करार केला होता. चिनी भाऊबंद आवतण नसताना पंगतीला बसले, एवढाच फरक.

ज्याची नक्कल झाली त्याचंही एक सांगायला हवं. वार पूर्ण लिहिणारं रोलेक्सचं ते मॉडेल, डे-डेट, १९५६ साली आलं. ते फक्त सोन्यात आणि प्लॅटिनममध्ये घडवतात, स्टीलमध्ये करतच नाहीत. तेव्हा त्या पोराचं घड्याळ खरं असतं तर त्याचा हिशेब ऊसबिलात नव्हे, उसाच्या रानातच करावा लागला असता. पोराने ते दोन-अडीच हजाराला घेतलेलं. फसलाय म्हणावं, तर तसंही नाही. त्याला सगळं माहीत होतं. 'फर्स्ट कॉपी' हा शब्द तो ज्या रुबाबात म्हणाला त्या रुबाबात लोक 'हापूस' म्हणतात.

शब्द मोठा गमतीचा आहे. जिथे फर्स्ट कॉपी असते तिथे सेकंड, थर्ड असणारच, म्हणजे खोट्याचीही उतरंड लागली. आमच्या लहानपणी एकच शब्द होता, 'डुप्लिकेट', आणि तो शिवीसारखा वापरायचे. आता 'सेव्हन ए', 'मास्टर कॉपी', 'क्लोन' अशा पायऱ्या आहेत, आणि वरच्या पायरीवरचा माणूस खालच्याकडे बघून नाक मुरडतो. 'डुप्लिकेट' आणि 'फर्स्ट कॉपी' यांच्या मधोमध एक विनोद येऊन गेला: 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये झाली. १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. उघड्यावर आलेल्या माणसांनी मिळेल ती वस्तू बघून बघून बनवली, आणि साऱ्या महाराष्ट्राने ती हसत हसत विकत घेतली. हसण्यात थोडा मत्सर होता असं मला वाटतं.

नक्कल मात्र उल्हासनगराहून खूप जुनी. अठराव्या शतकात लंडनच्या घड्याळांना एवढा मान होता की स्वित्झर्लंडकडची घड्याळं लंडनची खोटी नावं मिरवत युरोपभर विकली जायची. आज ज्या स्विस नावाची नक्कल होते ते स्विस तेव्हा नक्कल करणारे होते. पॅरिसचे अब्राहम-लुई ब्रेगे खोट्या ब्रेगेंना इतके वैतागले की १७९५च्या सुमारास त्यांनी डायलवर गुप्त सही कोरायला सुरुवात केली. केसाएवढी बारीक; उजेड तिरका पडला तरच दिसायची.

आपल्याकडे घड्याळावरच्या नावाचं वेड मुंबईच्या बंदरातून आलं. फाव्र ल्यूबा १८६५ पासून हिंदुस्थानात होती. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ची. ह्या वेस्ट एंडची मला फार मौज वाटते. नाव लंडनच्या बड्या वस्तीचं, मशीन स्वित्झर्लंडचं आणि गिऱ्हाईक इथलं. ते खोटं नव्हतं, अगदी अस्सल. पण डायलवर नाव लिहिताना कुठल्या गावचा रुबाब उसना घ्यायचा हे अस्सलांनाही ठाऊक होतं.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण, आयातीवर निर्बंध. स्विस घड्याळ एक तर चोरट्या मार्गाने यायचं, नाही तर जुनंच पुन्हा पुन्हा फिरायचं. एचएमटीची घड्याळं मागणीला पुरत नसत. जावयाला घड्याळ, सायकल, ट्रान्झिस्टर हा मानपान ठरलेला, आणि 'कांचन'सारख्या मॉडेलसाठी वशिला शोधत हिंडणारे सासरे मी पाहिले आहेत. जिथे मागणी एवढी आणि माल असा तुटपुंजा, तिथे जुनं घड्याळ नवं करून देणारा माणूस तयार होणारच.

इथेच ह्या कुळाचा खरा मूळपुरुष सापडतो, आणि तो लबाड नाही. आपल्या हवेत डायल टिकत नाही. पावसाळ्याची ओल, मनगटाचा घाम, चावीच्या भोकातून शिरणारी धूळ, यांनी दहा-पंधरा वर्षांत तिच्यावर डाग पडतात, आकडे पुसट होतात. मग माणूस घड्याळजीकडे जाऊन म्हणायचा, डायल रंगवून द्या. पितळी पातेल्याला कल्हई करतात तसं. कल्हईवाल्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. जुना रंग खरवडायचा, नवा द्यायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि अक्षरं छापायची. अक्षरं छापण्याची रीत पाहण्यासारखी असते: कोरलेल्या पत्र्यावर शाई भरायची, पात्याने निपटून काढायची, उरलेली शाई मऊ गोल गादीने उचलायची आणि ती गादी अलगद डायलवर टेकवायची. गादी किंचित सरकली की नाव वाकडं. आणि आपण नाव छापतोच आहोत तर त्याऐवजी जरा बरं नाव का छापू नये? एवढ्याशा प्रश्नातून दुरुस्तीची नक्कल झाली.

एफएचएफ ९६ नावाचं एक साधं, चिवट स्विस मशीन त्या काळी आपल्याकडे मुबलक होतं. त्यावर, किंवा एचएमटीच्या मशीनवर, झगझगीत निळी, केशरी, पोपटी डायल चढवायची आणि वर एखादं भारदस्त विलायती नाव. इंटरनेट आल्यावर ही घड्याळं चोरबाजाराच्या गल्ल्यांतून निघून परदेशी शौकिनांच्या घरी पोचली. ते चिडले. त्यांनी ह्या जातीला नाव ठेवलं 'बॉम्बे स्पेशल'. खुणाही ठरवल्या: अक्षरं जाड, 'स्विस मेड' भलतीकडेच, काटे दुसऱ्याच घड्याळाचे, चावी मोठी. खुणा बरोबर आहेत. पण त्यांच्या चिडण्यात मला एक गैरसमज दिसतो. त्यांना डायलवरचे डाग हवे असतात, कारण डाग म्हणजे वय. आपल्याकडे डागाळलेलं घड्याळ घालून लग्नाला गेलं तर लोक विचारतात, बरं चाललंय ना? नवं दिसणं ही इथे वस्तूची इभ्रत आहे. गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी छापलेलं नाव वेगळं, हे मान्य. पण त्या रंगवलेल्या डायलींमधल्या कितीतरी मालकाच्याच हट्टाने रंगल्या असतील.

पुढे क्वार्ट्झ आलं, टायटन आली, चावी देणं जुनाट झालं. एचएमटीची घडी विस्कटली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. बंद होणार म्हटल्यावर लोकांना अचानक प्रेमाचा उमाळा आला, भाव चढले, आणि भाऊबंदकीतलं सगळ्यात चमत्कारिक वळण आलं: ज्या मशीनवर पूर्वी विलायती नावं छापत होते त्याच मशीनवर आता एचएमटीचीच दुर्मीळ नावं छापायला लागले.

हे मी स्वतःच्या पैशाने शिकलो. लष्करासाठी केलेलं 'जवान' मॉडेल मला हवं होतं. ऑनलाइन एकाने फोटो टाकला, मी साडेतीन हजार मोजले. घड्याळ आलं, देखणं होतं. मामांनी मागचं झाकण उघडलं, मग डायल सुटी करून पालथी केली. पाठीवर खरवडल्याचे ओरखडे, आणि कडेला जुन्या रंगाची एक पिवळसर रेघ राहिलेली.

"मशीन बंगळूरचंच हाय की," मामा म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. एचएमटीवर एचएमटीच रंगीवलीय."

आता याला खोटं म्हणायचं तर कुठल्या तोंडाने, आणि खरं म्हणायचं तर कसं? मी ते रोज घालतो. विचारलं तर सांगतो, नाही विचारलं तर गप्प बसतो.

कायद्याला असले पेच पडत नाहीत. १९९९च्या ट्रेड मार्क कायद्यात खोटं नाव लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. त्याची नजर धंद्यावर, मनगटावर नाही.

खरं-खोटं ओळखायची मामांची दुसरी युक्ती सेकंदकाट्याची. 'जनता'चं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे काटा सेकंदाला पाच पावलं टाकतो. डीजी २१,६००, सहा पावलं. आजच्या बहुतेक खऱ्या रोलेक्समध्ये २८,८००, आठ पावलं. ते डोळ्याला चालल्यासारखं नाही, घरंगळल्यासारखं दिसतं. वरच्या पायरीच्या नकलांमध्ये आठ पावलांचं मशीनही येतं, तेव्हा ही युक्ती आता अर्धीच चालते. पण बाजारात येणाऱ्या मालाला पुरते.

नकली घड्याळाचा खरा दुष्मन पाणी. डायलवर ३०० मीटर लिहिलेलं असतं, आणि आतलं रबर एक तर कोरडं, नाही तर नाहीच. आमच्याकडे नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की पोरं रात्री उसाला दारं धरायला जातात. तीनशे मीटरवालं घड्याळ वीतभर सरीत गार होतं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर असल्या घड्याळाला हात लावत नाही. मग राहतात मामा.

त्या पोराच्या घड्याळाचं पोट मी शेजारी बसून पाहिलं. मामांनी रोटर उतरवला, बॅलन्स उचलून वाटीखाली झाकून ठेवला, चाकं व्हाइट पेट्रोलमध्ये सोडली. काही ठिकाणी तेलाचा थेंब एवढा मोठा की चाक चिकटलेलं, काही ठिकाणी ठणठणीत कोरडं. एका चाकाचा दात मोडलेला. मामांनी टेबलाखालचा डबा काढला. श्रीखंडाचा जुना डबा, त्यात मेलेली घड्याळं. एका निळ्या डायलच्या, भलत्याच बड्या नावाच्या घड्याळाचं पोट उघडलं. तेच मशीन. चाक काढलं, इकडं बसवलं. सुईच्या टोकाएवढं तेल दिलं, रबराला ग्रीस लावलं. बॅलन्स खाली ठेवला आणि तो आपला आपण हलायला लागला. पन्नास वर्षं हे पाहूनही त्या क्षणाला मामांचा श्वास रोखलेला असतो.

हल्ली बारामती-पुण्याकडची काही पोरं ह्याच्याही पुढे गेली आहेत. सिकोचं एनएच ३५ मशीन सुटं मागवतात, केस वेगळी, काटे वेगळे, डायल कोरी, कुणाचंच नाव नसलेली. स्वतः जोडतात. त्याला ते 'मॉड' म्हणतात. एकाने मामांकडे काटे बसवायला आणलं होतं. मामांनी डायल उलटसुलट करून बघितली आणि त्याला विचारलं, "नाव छापायचं राहिलंय का रं?"

तिसऱ्या दिवशी नवरदेव संध्याकाळी आला. अंगाला हळद तशीच होती. कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटली. मामांनी भोंग्याबरोबर काटे लावले, चावी आत दाबली, घड्याळ फडक्याने पुसून दिलं. पैसे घेतले आणि पावती फाडायला वही ओढली.

"काय लिहू?"

"रोलेक्स लिहा की मामा," पोरगा मनगट फिरवून बघत म्हणाला.

मामांनी आयग्लास कपाळावर सरकवला आणि लिहिलं: पिवळं घड्याळ, हिरवी डायल, एक नग.