पातळी आणि पाणी

दूध उतू जातं तेव्हा पातेल्यातलं दूध वाढलेलं नसतं. हे घरोघरी ठाऊक असतं. २८ मार्च १९७९च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या अणुभट्टीत मात्र नेमका इथेच घोटाळा झाला. दाब उतरवायला उघडलेली झडप मिटलीच नाही. तिच्यातून पाणी जात राहिलं, दाब घसरला, उरलेल्या पाण्यात वाफ धरू लागली आणि भट्टीचा दाब राखणाऱ्या प्रेशरायझरच्या टाकीतली पातळी चढली. भट्टी काठोकाठ भरली असं समजून चालकांनी आपत्कालीन पाणी आवरतं घेतलं. इंधनाचा गाभा उघडा पडला आणि जवळपास अर्धा वितळला.

पाणी किती, कुठे, आणि त्यात वाफ किती? बहुप्रावस्था प्रवाहांच्या, म्हणजे पाणी आणि वाफ एकत्र वाहतात तशा प्रवाहांच्या, संगणकीय अभ्यासात पाऊल ठेवणाऱ्याने एवढा प्रश्न सोबत घेतला तरी पुरे.

अणुभट्टीतल्या पाण्या-वाफेचा हिशेब करणाऱ्या रेलॅप-५ किंवा कॅथारसारख्या प्रोग्रॅमचा सांगाडा सोपा आहे: पाण्यासाठी वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांची तीन समीकरणं, वाफेसाठी तीन. गणित अडतं ते दोघांच्या सीमेवर. वाफ बारीक बुडबुड्यांत आहे, नळीभर फुगली आहे, की भिंतीला पाण्याचा पातळ थर ठेवून मधून सुसाटते आहे, यावर घर्षण आणि उष्णतेची देवघेव ठरते. भाकरीचा तवा फार तापला की त्यावर शिंपडलेले थेंब लगेच आटत नाहीत, वाफेच्या गादीवर नाचतात. इंधनाच्या कांडीवर अशी गादी बसली, की पाणी शेजारी असूनही कांडी तापत जाते. शिरो नुकियामा यांनी १९३४मध्ये पाण्यात तापवलेल्या तारेवर उकळण्याच्या या तऱ्हा मोजल्या. आजच्या प्रोग्रॅमच्या पोटातही अशाच मोजमापांवरून बांधलेली सूत्रं आहेत.

आणि ती सूत्रं कुठलीही कुठेही चालत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरात वाफ पाण्याच्या सुमारे १६०० पट हलकी असते. तारापूरच्या जुन्या, उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांतल्या दाबाला जेमतेम २० पट. म्हणून सूत्रं खऱ्या परिस्थितीत पारखायला अमेरिकेतल्या आयडाहोत लॉफ्ट नावाची छोटी, पण खरी अणुभट्टी बांधून तिच्यातून मुद्दाम पाणी घालवून पाहिलं गेलं.

अशा प्रोग्रॅमनी पडद्यावर काढलेल्या रंगीत चित्रांचं मला फारसं कौतुक नाही. नव्या अभ्यासकाने आधी असा एखादा प्रयोग निवडावा, त्याची मोजमापं न पाहता आपलं उत्तर कागदावर लिहावं, तारीख घालावी, आणि मगच ती उघडावीत.