एका जिल्ह्याचा दाखला, दुसऱ्या जिल्ह्याची बंदी

परकीय अंमलातील चित्रपट-परिनिरीक्षणाविषयी लिहिताना आपले लेखक सरकारच्या कठोरपणावर जेवढा भर देतात तेवढा त्याच्या लहरीपणावर देत नाहीत. वस्तुतः कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथे कर्ज काढून चित्रपट उभे करणाऱ्या माणसांना पहिल्यापेक्षा दुसऱ्याचाच जाच अधिक झाला. नियम कितीही कडक असला तरी तो एकदा कळला म्हणजे सांभाळून चालता येते. परंतु काल ज्या विषयाला दाखला मिळाला त्याच विषयाला आज मनाई का व्हावी, हे ज्याला कोणी सांगत नाही, त्या निर्मात्याने कथा निवडताना कशाचा आधार धरावा?

या लहरीचे मूळ १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातच होते. ज्वालाग्राही फितीपासून प्रेक्षकांच्या जीविताचे आणि अनुचित दृश्यांपासून त्यांच्या मनाचे, अशी दोन प्रकारची संरक्षणे त्या कायद्याने एकदमच अंगावर घेतली. परंतु दुसऱ्या संरक्षणाबाबत, चित्रपट सार्वजनिक प्रदर्शनास योग्य असावा, याहून अधिक काहीही न बोलता सारा निवाडा अंमलदारांच्या मर्जीवर सोपविला. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे आणि पुढे १९२७ मध्ये लाहोरास परिनिरीक्षण मंडळे नेमण्यात आली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष पोलीस कमिशनर असत, चित्रपट पाहण्याचे प्रत्यक्ष काम बहुतांशी पगारी निरीक्षकांकडे असे, आणि मंडळाने स्वतःपुरती जी तत्त्वे ठरविली ती विलायतेतील परिनिरीक्षक टी. पी. ओकॉनर यांच्या ४३ कलमांच्या यादीवरून घेतलेली होती. एका मंडळाचा दाखला साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात चाले खरा. परंतु कोणत्याही जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटास तो आपल्या हद्दीत तहकूब करण्याचा, आणि प्रांतिक सरकारास तो आपल्या मुलखापुरता रद्द करण्याचा अधिकार होता. म्हणजे दाखला हातात पडल्यावरही निर्मात्याचे भवितव्य गावोगावच्या साहेबाच्या चित्तवृत्तीवर अवलंबून राही.

याचा पहिला मोठा अनुभव १९२१ च्या ‘भक्त विदुर’ या मूकपटाने दिला. मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने काढलेल्या, कांजीभाई राठोड यांनी दिग्दर्शित केलेल्या या महाभारतकथेत द्वारकादास संपत यांनी विदुराची भूमिका केली होती, आणि त्यांच्या अंगावरील खादी व डोक्यावरील टोपी पाहून प्रेक्षकांना हस्तिनापूरच्या त्या नीतिमान मंत्र्याच्या ठायी महात्मा गांधींचे दर्शन घडत होते. मुंबईत हा चित्रपट पडद्यावर आला. कराचीत, म्हणजे त्या काळी मुंबई इलाख्याचाच भाग असलेल्या शहरात, त्यावर बंदी आली. आणि मद्रासेनेही त्यास दार बंद केले. चित्रपट एक, कायदा एक, कराचीपुरते बोलायचे तर प्रांतिक सरकारही एकच, आणि तरीही निवाडे परस्परविरुद्ध! तथापि ‘भक्त विदुरा’च्या बाबतीत सरकारच्या भयाला काही आधार तरी होता, हे मान्य केले पाहिजे, पुढील काही उदाहरणांत तेवढाही सापडत नाही.

बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ १९२३ मध्ये निघाला व लोकांनी तो डोक्यावर घेतला. शिवकाल, तानाजी, गड सर करणे, हे सारे त्यात होते. त्यानंतर सातच वर्षांनी, मिठाच्या सत्याग्रहाच्या १९३० साली, प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात शिवचरित्रावरच एक मूकपट तयार केला, व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित करून त्यात स्वतः शिवाजी महाराजांची भूमिका केली, आणि त्यास ‘स्वराज्याचे तोरण’ असे सार्थ नाव दिले. परंतु शिवकालात जो शब्द दप्तरात रोज लिहिला जात असेल तो ‘स्वराज्य’ शब्द आता मंडळाच्या डोळ्यांत सलू लागला. नाव बदलून ‘उदयकाल’ करावे लागले आणि गडावर निशाण चढविण्याच्या प्रसंगास कात्री लागली. विषय तोच राहिला होता. बदलला होता तो बाहेरच्या रस्त्यावरील काळ, आणि परिनिरीक्षकाने रस्त्यावरची धास्ती पडद्यावर आणून बसविली होती.

यापुढची कथा मला सर्वांत क्लेशदायक वाटते. १९३५ साली, पुण्यास येऊन स्थिरावलेल्या याच प्रभातने संत एकनाथांच्या जीवनावर बोलपट काढला. बालगंधर्वांसारखा नटवर्य त्यात एकनाथ झाला होता. पैठणच्या ज्या सत्पुरुषाने सोळाव्या शतकात महाराच्या घरी जाऊन अन्न ग्रहण केले, त्याच्या चरित्रास ‘महात्मा’ हे नाव देण्यात अनुचित ते काय? परंतु मंडळास त्या नावातून साबरमतीचा महात्मा दिसू लागला, आणि दरखास्तीचा निकाल असा लागला की चित्रपटाने ‘धर्मात्मा’ म्हणून बाहेर यावे. संतांना महात्मा म्हणणारी ही भूमी. तिच्या भाषेतील एक जुना, निरुपद्रवी शब्द एका पोलीस कमिशनरच्या अध्यक्षतेखाली तिच्याच संताला नाकारण्यात आला, याचा खेद आजही वाटल्यावाचून राहत नाही.

याउलट १९४३ सालचा ‘किस्मत’ पाहावा. कवी प्रदीप यांनी परकीयांना या देशातून चालते होण्यास खणखणीत शब्दांत बजावणारे गीत त्यात लिहिले. त्यात जर्मन व जपानी यांचा उल्लेख असल्यामुळे, ऐन युद्धकाळात व ‘चले जाव’ चळवळीच्या दुसऱ्याच वर्षी, ते परिनिरीक्षणातून सुखरूप पार पडले. प्रेक्षकांना त्यातला खरा परकीय कोण हे कोणी सांगावे लागले नाही. ज्या व्यवस्थेने नाथांचे ‘महात्मा’ हे विशेषण अडविले तिनेच हे गीत सोडून दिले.

या विसंगतीकडे सरकारचे लक्ष वेधले गेले नव्हते असे नाही. १९२७ मध्ये दिवाण बहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, तिने देशभर हिंडून साक्षी नोंदविल्या, आणि १९२८ च्या अहवालात प्रांताप्रांताच्या मंडळांऐवजी एक मध्यवर्ती मंडळ असावे अशी शिफारस केली. तो अहवाल दप्तरी पडून राहिला. मध्यंतरी, १९३४ मध्ये, प्रेमचंदांच्या कथेवरील ‘मिल’ हा मजुरांच्या जीवनाचा चित्रपट मुंबईच्या मंडळाने नाकारला असता तो इतर प्रांतांत झळकला. १९३७ मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ मुंबईत अधिकारारूढ होताच कित्येक जुने मनाई-हुकूम उठले. आणि मध्यवर्ती मंडळ प्रत्यक्षात यावयास १९५१ साल उजाडले.

मंडळ एक झाले तरी निकष स्पष्ट झाले नाहीत. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या, चार शहरांतील वैभव व दारिद्र्य समोरासमोर मांडणाऱ्या लघुपटाला सर्वांसाठी दाखविण्याचा दाखला मिळेना, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने पूर्वपरिनिरीक्षण घटनासंमत ठरविले. परंतु कलाकृती कोणती आणि केवळ अश्लील ते कोणते, हा भेद नियमांत केलेला नाही, हेही स्पष्टपणे सांगितले. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद मागता यावी, ही सोय त्यानंतर १९८३ मध्ये झाली. एप्रिल २०२१ मध्ये ते न्यायाधिकरण रद्द करण्यात आले, आणि मंडळाच्या निवाड्याने दुखावलेल्या निर्मात्यास आता थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते.