सावित्री, रात्री साडेअकरा

गणपतीच्या दिवसांत पिंपरी-चिंचवडच्या वल्लभनगर आगारातून कोकणच्या एसट्या भरभरून निघतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबणारी कितीतरी घरं मूळची रत्नागिरी-रायगडची. त्यांचा गावाकडचा रस्ता घाटांतून आणि नद्यांवरच्या पुलांवरून जातो. त्यांतला एक, सावित्री नदीवरचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री कसा गेला, ते इथे क्रमाने मांडतो.

88 वर्षे आधी, 1928. महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान सावित्रीवर दगडी कमानींचा पूल बांधला गेला. 2001 मध्ये शेजारी नवा पूल झाला, तरी जुना निवृत्त झाला नाही. गोव्याकडून मुंबईला जाणारी वाहनं त्याच्यावरूनच जात राहिली.

तीन महिने आधी, मे 2016. पुलाची पाहणी झाली. वाहतुकीला धोका नाही, असं ठरलं.

इथे थोडं थांबायला हवं. उन्हाळ्यात कमानी दिसतात, कठडे आणि भेगाही दिसतात. पण पुरात पूल बहुतेकदा पायापासून जातो. वेगाचं पाणी खांबावर आपटून खाली वळतं आणि भोवऱ्याने तळाची वाळू, गोटे उपसून नेतं. वरचं डांबर जसंच्या तसं असतं, खाली पाया उघडा पडलेला असतो. पूर ओसरला की तोच खड्डा गाळाने पुन्हा भरतो. त्यामुळे मे महिन्यात काठावर उभं राहून पाहणाऱ्याला तो सापडत नाही. जुन्या पुलाची खरी तपासणी पाण्याखाली, पायापाशी व्हावी लागते.

2 ऑगस्ट, दिवसभर. मुसळधार पाऊस. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कड्यावरून थेट कोकणात उतरते. वरच्या पावसाला महाड गाठायला फार वेळ लागत नाही.

रात्र. आषाढ अमावस्या. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसट्या चिपळूण, खेड, कशेडी घाट असं करत महाडकडे येत होत्या. नदी फुगलेली होती. पुलावरची वाहतूक कोणी थांबवली नाही. माझ्या मते दुर्घटना इथेच घडली; कमानी नंतर पडल्या.

साडेअकराच्या सुमारास. पूल कोसळला. दोन्ही एसट्या आणि एक तवेरा गाडी नदीत गेल्या. तसल्या पावसात गाडीच्या दिव्यांना तुटलेला पूल दिसेपर्यंत ब्रेक लावायला अंतर उरत नाही.

पुढची काही मिनिटं. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका मेकॅनिकच्या लक्षात आलं की काहीतरी भयंकर घडलंय. त्याने धावत जाऊन येणाऱ्या गाड्या अडवल्या. कुणाचा हुकूम नसताना त्या माणसाने रस्ता बंद केला आणि मागून येणारे वाचले.

3 ऑगस्ट, सकाळ. एनडीआरएफ, नौदल आणि तटरक्षक दल नदीत उतरले. क्रेनला 300 किलोचं लोहचुंबक बांधून गढूळ पाण्यात गाड्यांचा शोध सुरू झाला. पहिली एसटी सापडायला 11 ऑगस्ट उजाडला. एक मृतदेह तर थेट अंजर्ल्याच्या समुद्रकिनाऱ्यावर मिळाला. जवळपास 40 माणसं गेली.

307 दिवसांनी, 5 जून 2017. सावित्रीवर नवा पूल खुला झाला. बांधायला लागले 165 दिवस. म्हणजे मनावर घेतलं तर साडेपाच महिने पुरतात. हे काम माणसं मरण्याआधी हाती घेता आलं असतं.

15 जून 2025, रविवार, दुपारी साडेतीनच्या सुमारास. हे आपल्या दारातलं. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. 4 जणांचा मृत्यू झाला, 50 हून अधिक जखमी झाले. महाडला निदान पूल सुरक्षित असल्याचा समज होता. कुंडमळ्याला धोक्याचा फलक लावलेला होता, नव्या पुलासाठी निधीही मंजूर होता. तरीही लोक पुलावर जात राहिले.

फलकाने पूल बंद होत नाही. पवना, इंद्रायणी, भामा यांवरच्या प्रत्येक जुन्या पुलाच्या खांबावर लाल रेघ मारा. पाणी तिथे टेकलं की वरून आदेश येण्याची वाट न पाहता पूल बंद करण्याचा अधिकार जागेवरच्या पोलिसाला आणि ग्रामपंचायतीला द्या. येत्या ग्रामसभेत ही मागणी लेखी नोंदवा.