चोवीस मेणबत्त्यांचं चाक

१२ डिसेंबर १८३९, गुरुवार. हॅम्बुर्गच्या वेशीबाहेर, हॉर्न नावाच्या वस्तीत तुम्ही उभे आहात. चारच वाजलेत आणि अंधार पडू लागलाय. समोर गवताने शाकारलेलं घर : राउहेस हाउस. सहा वर्षांपूर्वी योहान हिन्रिश विखर्न हा तरुण आईला घेऊन इथे राहायला आला आणि शहराच्या गल्लीबोळांतली गरीब, उघड्यावर पडलेली मुलं घरात घेऊ लागला.

आत या. ग्र्यूनकोल शिजतोय, कोबीच्या कुळातली पालेभाजी. कडाक्याचा गारठा लागल्याशिवाय ती खुडायची नाही, असा इथला दंडक. वास उग्र आहे, पण बाहेरून गारठून आल्यावर नाक मुरडायची हिंमत होत नाही.

प्रार्थनेच्या खोलीत छताला गाडीचं चाक आडवं टांगलंय. ‘वान इस्ट वाइनाख्टन?’ नाताळ कधी, म्हणून पोरांनी विखर्नला भंडावून सोडलं, त्याचं हे उत्तर. रविवारसाठी मोठी पांढरी मेणबत्ती, इतर दिवसांसाठी छोटी लाल. १ तारखेलाच रविवार होता, म्हणून यंदा चार पांढऱ्या आणि वीस लाल. रोज एक जास्त पेटते.

शेजारचा पोरगा तुमची बाही ओढतो. तुमचं जर्मन कच्चं आहे हे त्याने ओळखलंय. बोट वर करून तो मोजून घेतो : आइन्स, त्स्वाय, द्राय... त्स्व्योल्फपाशी थांबतो. बारा पेटल्या, ‘नॉख त्स्व्योल्फ’, अजून बारा. सगळ्या मिळून फीर-उंट-त्स्वान्त्सिश. आधी चार, मग वीस. चोवीस म्हणणाऱ्या तुम्हाला हे जड जात नाही. इंग्रजीवाल्याला विचारा!

आता घाईने पुढे सरका. १८६०च्या सुमारास चाकाला फरच्या हिरव्या डहाळ्या लागतात. दिवाणखान्यात गाडीचं चाक कोण टांगणार? म्हणून घरोघरी ते आक्रसत जातं, लाल मेणबत्त्या गळतात, उरतात रविवारच्या चार. मुळात प्रोटेस्टंटांची ही चाल १९२५मध्ये कोलोनच्या एका कॅथलिक चर्चमध्येही पोचते. आज दुकानात मिळतं ते आडव्हेंट्स-क्रान्त्स, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांचं हे चक्र, चार मेणबत्त्यांचंच. दिसायला देखणं, पण मला विचाराल तर त्यात पोरांचा तोटाच झाला : एका रविवारपासून दुसऱ्यापर्यंत सहा दिवस कोरडे. बाही ओढणाऱ्या त्या पोराने एवढं खपवून घेतलं नसतं.